खिळ्यावरचा गिलास

सांगलीत लालासाहेबांच्या हळद पॉलिशच्या कारखान्यात बावीस बायका होत्या, आणि बावीसही जणी संध्याकाळी पिवळं थुंकायच्या. ड्रम फिरला की धुळीत शेजारीण दिसायची नाही. नाकाला बांधायला रुमाल द्या, खोकल्याचं औषध द्या, एवढंच त्यांचं मागणं. पण मालकापुढं तोंड उघडायचं कुणी?

१९९६ साल. केबलवर गावच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. केबलवाला मुकुल कॅमेरा घेऊन मार्केट यार्डात आला, तेव्हा सगळ्यांनी बनुबाईला पुढं ढकललं.

"तुला लय चांगलं बोलता येतंय," आक्काताई म्हणाली. "पदरानं तोंड झाक, कोण वळखतंय?"

"आन् माझ्या गिलासाचं?"

"ते नगं काढू. ते आपल्या आपल्यातलं हाय."

बावीस जणींत बौद्धवाड्यातली ती एकटी. तिचा गिलास वेगळा, माठापासून लांब खिळ्याला अडकवलेला. पाणी वरून ओतायचं. आणि हे म्हणे आपल्यातलं! बनुबाईनं तेही गिळलं आणि सगळ्यांसाठी बोलली. पाच मिनिटं बोलली, एकदाही अडखळली नाही. शेवटी मुकुलनं नमस्कार केला, तेव्हा सवयीनं हात जोडून म्हणाली, "जय भीम."

तेवढं कापायचं मुकुलला सुचलं नाही. घरोघरी टीव्हीवर ते गेलं, आणि पदराआडचं तोंड ओळखायची कुणाला गरजच उरली नाही.

सकाळी लालासाहेबांनी तिला फाटकावरच अडवलं. "आजपास्नं येऊ नगंस."

"आवं मालक, माझ्या एकटीचं न्हाई बोलले. इचारा की समद्यास्नी."

त्यांनी वळून विचारलं. आक्काताई आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. बाकीच्या एकेक करून ड्रमाकडं वळल्या.

बनुबाईचा नवरा अंथरूण धरून होता, पोरगी प्रियदर्शनी दहावीला. चूल पेटायची ती हिच्याच रोजावर. यार्डातला एकेक कारखाना तिनं पालथा घातला. बातमी सगळ्यांनीच पाहिली होती, कुणी दारात उभं केलं नाही. मुकुलकडं गेली, तर तो म्हणाला, "मावशी, मालकांची जाहिरात असते आमच्याकडं. आता परत नाही दाखवता येणार."

चौथ्या दिवशी ती पुन्हा फाटकाशी आली. पाय धरायचीच तयारी करून आली होती. आत ड्रम फिरत होता आणि बायकांच्या तोंडांवर पांढरे, कोरे रुमाल होते. आणखी बोभाटा नको म्हणून मालकांनी वाटले होते. ते बघून बनुबाईला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ती बोलली म्हणून तर ते आले होते.

आक्काताई फाटकाकडं येताना दिसली, तसा तिच्या जिवात जीव आला. मालकांनीच धाडली असणार.

"काय म्हणाले गं मालक?"

आक्काताईनं गजांतून हात बाहेर काढला. हातात गिलास होता.

"तुझा ऱ्हायला हुता," ती म्हणाली. आपला हात लागू नये म्हणून तोंडावरचा नवा रुमाल सोडून तिनं तो त्यात धरला होता.