बोअरचं पिवळं पाणी

नवरा गेल्यापासून मंदाकिनीबाई वाघोडियाजवळच्या घरात एकट्याच राहत होत्या. मुलगा दिग्विजय मेलबर्नला. त्यात बोअरचं पाणी पिवळं यायला लागलं. जमिनीत क्रोमियमचं विष झिरपलंय, असं तपासणीत निघालं.

मग बडोद्याहून मोहना नावाची संशोधक मुलगी दर गुरुवारी प्रयोगासाठी येऊ लागली. अंगणातल्या पिंपात ती लोखंडाची काळी भुकटी ढवळायची. कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ते एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर स्टार्चचा लेप. क्रोमियम त्या कणांना धरून बसलं, की पिंपाला बाहेरून मोठं लोहचुंबक लावायचं. गाळ तिकडे ओढला जाई आणि पाणी नितळ होई. चुंबक मंदाकिनीबाई धरायच्या. वेळ लागे, तेवढ्यात गप्पा होत. गुरुवारी त्या इस्त्रीची साडी नेसायच्या, सेव-उसळ करायच्या.

एकदा मोहनाने नमुन्यात औषधाचे थेंब टाकले. विष असतं तर पाणी जांभळं झालं असतं. झालं नाही.

"जमलं, काकू! आता टाकीलाच यंत्र बसवून देते. मला यायला नको."

"छानच झालं की," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

यंत्र बसलं. पुढचे गुरुवार ओसरीवर बसून गेले. शेवटी त्यांनी फोन केला.

"मोहना, पाणी परत पिवळं दिसतंय गं."

ती भर उन्हात स्कूटरवर आली. तपासलं, पुन्हा तपासलं. मग टेबलावर झाकून ठेवलेल्या दोन ताटल्यांकडे तिचं लक्ष गेलं.

"पाणी स्वच्छ आहे, काकू."

"माझेच डोळे असतील."

मोहनाने सामान पिशवीत भरलं, हात धुतले आणि खुर्ची ओढली. "वाढा. भूक लागलीय."

खाता खाता तिने सांगितलं, हैदराबादला नोकरी लागलीय, महिनाअखेर निघायचंय. मंदाकिनीबाईंनी तिला अजून थोडी उसळ वाढली.

दारात मोहना म्हणाली, "फोन करत जा. पाणी चांगलं असलं तरी."

दिवाळीच्या सुमारास त्यांनी केला. मागे माणसांचा गलका होता.

"काकू, मीटिंगमध्ये आहे. पाणी ठीक आहे ना? मग नंतर करते हं."

"कर, कर," मंदाकिनीबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी फोन जवळच ठेवला होता. तो वाजला नाही, आणि त्यांनीही पुन्हा केला नाही.