उलट्या पिळाचा मोजा

त्या मोज्यात कधी कुणाचा पाय गेला नाही आणि जाणारही नव्हता. एकोणीस वर्षं ती रोज लांबच लांब मोजे विणत होती, काळ्यानिळ्या रंगात उकळत होती, दिव्याखाली ताणून बघत होती आणि कपाटात कोंबत होती. म्हणून सगळा कारखाना तिला मोजेवाली म्हणायचा. "बाई, माझ्या मापाचा विणा की एखादा," हा विनोद दर नवा माणूस एकदा तरी करायचाच, आणि दर वेळी तिला पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसावं लागायचं.

कारखान्यात यायचा तो धागा सरळ, गुळगुळीत, प्लास्टिकचा. यंत्र त्याला ओढायचं, तापवायचं, चकत्यांच्या चळतीत घालून करकचून पिळायचं, पिळलेल्या अवस्थेतच थंड करायचं आणि मग सोडून द्यायचं. पीळ सुटायचा, पण धागा तो विसरायचा नाही. कुरळा, फुगीर, मऊ होऊन बॉबिनवर गुंडाळला जायचा. यंत्राच्या डाव्या अंगाला डाव्या पिळाचा धागा निघायचा, तो हिरव्या नळीवर. उजव्या अंगाला उजव्या पिळाचा, तो पिवळ्या नळीवर. विणणारे एक हिरवी, एक पिवळी अशा आलटून पालटून लावायचे. दोन्ही पीळ एकमेकांना आवरून धरायचे आणि कापड सरळ उतरायचं. सगळेच एका पिळाचे लागले, की कापड तिरकं जायचं, मग त्याला कुणी वाली नाही.

मोजेवालीचं काम एवढंच, की दोनशे सोळा चात्यांच्या धाग्यांचा एकामागून एक चार-चार बोटं मोजा विणायचा, नंबर टाकायचा, रंगवायचा आणि कुठल्या चातीचा पट्टा फिका किंवा गडद पडलाय ते सांगायचं. रंग सारखा असला की मालावर तिचा शिक्का बसायचा. पीळ डावा की उजवा, हे बघायला तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. ते तिला मावशींनी शिकवलं होतं.

मावशी म्हणजे यंत्रावर रिकाम्या नळ्या चढवणारी आणि भरलेल्या उतरवणारी बाई. खरं तर कुणाचीच मावशी नव्हती ती, पण तिच्याहून जुनं त्या शेडमध्ये फक्त छत होतं. मोजेवाली नवी नवी असताना मावशींनी तिच्या हातात वीतभर धागा दिला होता. "दोन्ही टोकं धर. आता हात जवळ आण. हळू. बघ, कसा स्वतःशीच वळतोय. कुठल्या अंगानं वळला?"

"डाव्या."

"झालं. दोऱ्याला विचारायचं असलं की असं विचारायचं. त्याला खोटं बोलता येत नाही."

तेव्हापासून मोजेवालीला मोज्यातल्या उभ्या ओळीही दिसायला लागल्या. डाव्या पिळाच्या ओळी डावीकडे कलायच्या, उजव्याच्या उजवीकडे. रंग बघता बघता तिची नजर तिकडेही जायची. त्या नजरेचं तिला कौतुक होतं.

तर दोन दिवसांच्या रजेनंतर, एका मंगळवारी दुपारी, ती असाच मोजा ताणून बसली होती. रंग झकास, कुठे एक पट्टा नाही. शिक्का हातात घेतला आणि तिचा हात थांबला. एकशे आठपर्यंत डावं अंग, तिथे ओळी डावीकडे; पुढे उजवं अंग, एकशे चाळीसपर्यंत ओळी उजवीकडे. एकशे एक्केचाळीसला त्या डावीकडे कलल्या, त्या थेट एकशे बावन्नपर्यंत. त्रेपन्नला पुन्हा उजवीकडे. बारा चात्या उजव्या अंगाच्या, पिवळ्या नळीच्या, आणि पीळ डावा. तिनं त्या बॉबिनींचा धागा ओढून बोटांनी विचारून बघितलं. बाराच्या बारा डावीकडे वळल्या. आणि शनिवारी त्याच बारा चात्या साफसफाईला उघडल्या होत्या आणि परत बसवल्या होत्या तिच्या धाकट्या भावानं.

हा धाकटा तिच्या गळ्यातला ताईत. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ही तेरा. शाळा सोडून हिनं त्याला वाढवलं, शिकवलं, फिटर केला, आणि साहेबांच्या मागे लागून लागून कारखान्यात चिकटवला. हात हुशार होता, पण घाई फार. लहानपणी बटणंसुद्धा एक घर चुकवून लावायचा आणि तसाच पळायचा. परवा गुरुवारी फोरमनच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती.

ती यंत्रापाशी गेली आणि त्याला खांबाआड ओढलं. त्या घरघरीत ओरडल्याशिवाय बोलता यायचं नाही, आणि हे तर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तिनं नुसता मोजा उलगडला आणि बोट ठेवलं.

"चकत्या उलट्या लावल्यास तू," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तीन दिवसांचा माल गेला."

"गेला कुठे? गोदामातच आहे. ताई, मी आत्ताच्या आत्ता चकत्या फिरवतो. या बारा चात्यांचा माल मी स्वतः बाजूला काढतो. तू शिक्का मार. परवा मुलाखत आहे गं."

"नक्की काढशील?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

गळ्याची शपथ! लहानपणी खोडी काढल्यावर घ्यायचा तशीच. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं लॅबमध्ये येऊन शिक्का मारला, मोजा घडी घालून, तीन महिने ठेवायच्या नियमाप्रमाणे, कपाटात ठेवला. चकत्या त्यानं खरंच फिरवल्या; बुधवारच्या मोज्यात सगळं सरळ होतं. गोदामात काय केलं, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि तिला कळून घ्यायचं नव्हतं.

गुरुवारी तो फोरमन झाला.

दीड महिन्यानं तक्रार आली. साहेबांच्या टेबलावर तीन टी-शर्ट पसरले होते. एकेक धुणं झालेलं, आणि कुशीतली शिवण फिरत फिरत थेट पोटावर आलेली. गिऱ्हाईक तणतणत होतं. पिवळ्या नळीवर डाव्या पिळाचा धागा निघाला होता. आता असं दोनच प्रकारे होऊ शकतं: एक तर उजव्या अंगाच्या चकत्या उलट्या बसल्या, नाहीतर डाव्या अंगाला हिरव्याऐवजी पिवळ्या नळ्या चढल्या. नंबराची चिठ्ठी पिशवीवर असते, बॉबिनवर नाही, आणि पिशव्या केव्हाच कचऱ्यात गेलेल्या. तेव्हा फोरमननं दुसरं कारण सांगितलं. नळ्या चढवते कोण? मावशी.

चौकशीला मावशी उभ्या होत्या. कुणी खुर्ची दिली नाही. मोजेवालीनंही नाही, हे तिच्या फार नंतर लक्षात आलं.

"डोळ्यांनी कमी दिसत असेल तुम्हाला," साहेब मऊपणानं म्हणाले. "वय झालं की होतं असं."

"हिरवं-पिवळं दिसतं मला," मावशी म्हणाल्या. "आणा ती बॉबिन. दोऱ्यालाच विचारा."

साहेबांनी बॉबिन पुढे केली. मावशींनी वीतभर धागा तोडला, हात जवळ आणले. धागा डावीकडे वळला. नळी पिवळी. बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःवरचा आरोप खरा करून दाखवला होता.

मग त्यांनी मोजेवालीकडे तोंड वळवलं.

"त्या आठवड्याचे मोजे हिच्याकडे असतील. त्यात नंबर असतात. माझी चूक असेल तर मोजा बरोबर असेल, डाव्या अंगाच्या नंबरांना डाव्या ओळी, उजव्यांना उजव्या. चकत्यांची असेल तर उजव्या नंबरांत डाव्या ओळी दिसतील. हिला विचारा. हिला बघता येतं, मीच शिकवलंय."

"आहे का हो बाई तो मोजा?" साहेबांनी विचारलं.

"बघते," ती म्हणाली आणि उठली. आणायचाच असं ठरवून उठली होती, हे तिनं पुढे स्वतःला शंभर वेळा सांगितलं.

कपाट उघडून ती वाकली तर मागे धाकटा उभा. "शोधायला मदत करतो," असं सांगून आला होता. मोजा समोरच होता. त्यानं हात लावला नाही. लहानपणी जास्तीचं वाढून मागताना बोलायचा तशा हळू आवाजात म्हणाला, "माल काढला असता तर मोजणीत कमी आला असता, ताई. लगेच कळलं असतं."

"शपथ घेतली होतीस."

"आणि शिक्का तुझा आहे. तू बघितलंस आणि तरी मारलास. मोजा बाहेर आला तर आपण दोघंही घरी. नाही आला तर मावशी एकटी. तिचं तसंही वर्ष-दीड वर्षच राहिलंय. एकानं जायचं की दोघांनी, तू ठरव."

तिनं ठरवलं. कपाट लावलं, आत आली आणि म्हणाली, "सापडत नाही."

मावशींनी वाद घातला नाही, रडल्या नाहीत. "नसेल मग," एवढंच म्हणाल्या. हातातला तो वीतभर धागा त्यांनी नीट गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या गाडीवर नवी मुलगी होती.

त्यानंतरचे दिवस मोजेवालीनं मूग गिळून काढले. धाकटा घरी आला तर ती पाठ फिरवून भांडी घासत बसायची आणि तो तिच्या पाठीशी गप्पा मारायचा. दोघांनाही ते जमायला लागलं होतं, हे फार वाईट होतं.

मग कारखान्याला अक्कल सुचली. परत आलेलं कापड फुकट कशाला घालवा? त्याचे टी-शर्ट शिवून कामगारांना वाटले. आठवड्याभरात, एकदोन धुण्यांत, सगळ्यांच्या कुशीतल्या शिवणी पोटावर आल्या. लोकांनी चेष्टा करून घेतली. "पोट कुठंय ते दाखवायला बाण काढलाय," कुणी म्हणालं. फोरमनही तोच शर्ट घालून यंत्राच्या मधून फिरायचा, पोटावरची शिवण मिरवत, आणि सगळ्यांबरोबर हसायचा. त्या हसण्यानं मोजेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या चुकीत माणूस असा आरामात कसा मावतो? पण तिच्याही अंगात तोच शर्ट होता.

त्याच दुपारी तिनं मोजा काढला आणि साहेबांच्या टेबलावर उलगडला.

"एकशे एक्केचाळीस ते बावन्न. चकत्या उलट्या होत्या. मावशींची चूक नव्हती. मला त्याच दिवशी दिसलं होतं आणि मी शिक्का मारला. मला काढा, पण त्यांना परत घ्या."

साहेबांनी मोज्याकडे नीट बघितलंही नाही. दरवाजा लावून घेतला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, हे मला माहीत आहे. चौकशीच्या आदल्या दिवशीच तुमच्या भावानं सांगितलं."

"त्यानं? काय सांगितलं?"

"हेच. सफाईनंतर चकत्या उलट्या बसल्या, ते लॅबनं पकडायला हवं होतं, ताईच्या नजरेतून सुटलं. म्हणाला, तिची एकोणीस वर्षं झालीत साहेब, तिला सांभाळून घ्या. हात जोडले त्यानं तुमच्यासाठी. नव्या फोरमनला दोन महिन्यांच्या आत काढायचा, लॅबची बाई काढायची, म्हणजे गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं? मावशींचं तसंही होतच आलं होतं. भाऊ चांगला आहे तुमचा. न्या तो मोजा."

ती बाहेर आली. भावाला वाचवायला ती गप्प बसली होती, आणि भावानं तिच्याआधीच तिच्यावर खापर फोडून वर तिच्यावर उपकारही करून ठेवले होते. कपाटापाशी उभं राहून 'तू ठरव' म्हणाला तेव्हा तिच्या ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं आधीच ठरलेलं होतं. त्याला फक्त तिचा हात त्यात हवा होता.

फाटकापाशी मावशी उभ्या होत्या. लॉकरची किल्ली परत करायची राहिली म्हणून कारखान्यानं बोलावलं होतं. माणूस सोडला तरी किल्ली सोडत नाहीत. मोजेवाली धावतच गेली आणि मोजा त्यांच्या हातात दिला.

मावशींनी तो उजेडाकडे धरून ताणला. चष्मा नाही, काही नाही. दोन क्षणांत म्हणाल्या, "चकत्या उलट्या बसल्या होत्या. बारा." मग मोज्याच्या टोकाची तारीख वाचली आणि मान हलवली.

"मी आत्ता साहेबांना सांगून आले, मावशी. सगळं सांगितलं."

"मग?"

"त्यांना माहीत होतं."

मावशी हसल्या. त्या हसण्यात राग असता तर मोजेवालीला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी दोऱ्यानं तुम्हालाच खोटं पाडलं," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात आणि..."

"दोरा कशाला खोटं पाडेल? त्याला जेवढं विचारलं, तेवढं त्यानं खरं सांगितलं. पुढचं मी तुला विचारलं होतं."

त्यांनी मोजा पहिल्यासारखा, घडीवर घडी बरोबर जुळवून, दुमडला आणि तिच्या हातात परत दिला.

"ठेव कपाटात. तीन महिने ठेवायचा नियम आहे ना."