वाट्याचा बांध

माझी लेक सरू रोह्याच्या कंपनीत कामाला होती. तिथे मशीन बसवायला आलेल्या नॉर्वेच्या आर्नेशी तिने लग्न केलं, तेही मला न विचारता. दोघं घरी आली तेव्हा मी त्याला चहा दिला, पण जावई काही म्हटलं नाही. मराठी मोडकंतोडकं, आणि बडबड फार. "आमच्यात वेळेला 'तीद' म्हणतात," तो म्हणाला. "फार जुना शब्द. मूळ अर्थ, कापून वेगळा केलेला वाटा. इंग्रजांनी तोच शब्द समुद्राच्या भरतीला ठेवला, 'टाइड'."

"वेळेचे वाटे कोण घालतो?" मी फटकारलं. "हितं वाटे बांधाचे."

खोटं नव्हतं ते. वडखळच्या पुढे, खाडीकाठी आमची शेतं. खाडी अडवणाऱ्या बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे. उधाणात ज्याने त्याने आपला वाटा राखायचा. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या वाट्यावर पाय ठेवायचा नाही, आणि बोलवायचं तेही घरच्याच माणसाने. शेजारचा वाटा माझा धाकटा भाऊ नाथाचा. सरूच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करून आला, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

त्या पुनवेला, दोघं घरीच असताना, भर दुपारी वारा सुटला आणि उधाण चढलं. माझ्या वाट्यात चिंबोरी खेकड्याने केलेल्या बिळातून पाणी शेतात फुटलं. मी चिखल लावावा आणि तो वाहून जावा. आर्ने कुणी न सांगता खाडीच्या अंगाला उतरला आणि भोकाला पाठ लावून उभा राहिला. तरी बाजूची माती सुटतच होती. आत नुकतं लावलेलं भात. खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं शेत मेलंच.

नाथा हद्दीच्या दगडाशी फावडं घेऊन उभा होता. "दादा, बोलव ना रे!"

मेलो असतो तरी बोलावलं नसतं.

तेवढ्यात आर्ने छातीभर पाण्यातून ओरडला, "नाथाकाका, या!"

नाथाने पाय उचलला आणि तसाच थांबला. "दादा, घरचा मानूस बोलवतोय का? तूच सांग."

बांधावरची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघू लागली. आर्नेच्या खांद्यामागे बांधाची कड ढासळली. मला राग आला, त्याचा, नाथाचा, सरूचा, आणि मेले डोळेही भरून आले.

"बघतोस काय, नाथा? जावई हाय माझा. ये लवकर!"

पाणी उतरेपर्यंत आम्ही तिघं चिखल रेटत होतो. "अजून किती वेळ?" मधेच आर्नेने धापा टाकत विचारलं.

"खाडीचा वाटा संपू दे, जावईबापू," मी म्हणालो. "मग आपला."