आनंदाने फुटलेलं शेपूट

"मावशी, तुमच्या घरात कुत्रा नाही, मग भिंतींना गाद्या कशाला ठोकल्यात?"

विचारून टाकलं एकदाचं. दवाखान्याच्या खिडकीबाहेर माझ्या मैत्रिणी, चष्मी आणि लांबुडी, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांचा श्वास अडकलेला मला आतपर्यंत ऐकू आला. पैज त्यांचीच होती. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' हा शब्दसुद्धा असा पुटपुटायचे की बाई पुन्हा नाव घ्यायच्या. मग ऐन वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी आजारी पडली, तिच्या जागी मला ढकललं, आणि बक्षीस आलं. तेव्हापासून कुणाला काही विचारायचं असेल की माझं नाव पुढे करतात आणि मीही छाती काढून पुढे होते.

ड्रेसरमावशींनी मान वर केली नाही. जनावरांच्या दवाखान्यात त्या जखमा धुतात, पट्ट्या बांधतात. डॉक्टरांनी टाके घातले की पुढचं सगळं त्यांच्याकडे. राहतातही तिथेच, मागच्या अंगाच्या एका खोलीत. शाळेच्या वाटेवरून त्यांची खिडकी दिसते आणि खिडकीतून त्या गाद्या. चारही भिंतींना, गुडघ्याच्या उंचीवर, लांब लांब पट्ट्या कापून खिळ्यांनी पक्क्या केलेल्या. चष्मीचं म्हणणं, मावशी झोपेत चालतात आणि आपटतात. लांबुडीचं डोकं जास्त चालतं. ती म्हणाली, त्या गाद्यांत कापूस नाहीच, दवाखान्यात कापलेली शेपटं भरलीत.

"धर त्याला," मावशी म्हणाल्या. "पाय नको आवळूस, पोटाखालून हात घाल. आणि बोलत राहा. तुझ्या आवाजाने तो शांत राहतो."

माझ्या आवाजाने कुणी शांत होतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. उत्तर मात्र मिळालं नाही. पैज हरले आणि आठवडाभर चष्मीचं दप्तर माझ्या पाठीवर आलं.

टेबलावर होता आमचा धांदल. नाव मीच ठेवलंय. तांबूस रंगाचा, उंचापुरा, आणि शेपूट म्हणजे वेताची छडी. दार वाजलं की हलवतो, दार नाही वाजलं तरी हलवतो, आरशात स्वतःला पाहून हलवतो. नुसतं शेपूट नाही, कमरेपासून मागचा सगळा कुत्रा हलतो. आमचा पॅसेज अरुंद, त्यामुळे एकदा या भिंतीवर फटका, एकदा त्या. एके दिवशी आई कामावरून आली तर दोन्ही भिंतींवर मांडीच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे, पंख्यासारखे पसरलेले. एकावर एक, ओले आणि वाळलेले. आई दारातच मटकन बसली. तिला वाटलं घरात कुणाला तरी मारलंय. आणि त्या सगळ्याच्या मधोमध धांदल, आई आली म्हणून आनंदाने शेपूट आपटतोय आणि नवे शिंतोडे उडवतोय.

बाबा वायरमन आहेत. फुटलेलं काहीही असो, पेन्सिल, चष्मा, चप्पल, त्यांच्याकडे उपाय एकच: काळी चिकटपट्टी. त्यांनी शेपटाचं टोक पुसलं आणि त्यावर ती पट्टी ताणून ताणून गुंडाळली. दोन दिवस रक्ताचा थेंब पडला नाही. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला शेपूट दाखवत होते. मग धांदल मागे वळून टोक चावायला लागला आणि वास यायला लागला. दवाखान्यात पट्टी कापली तेव्हा आतलं टोक गार पडलेलं, जांभळट. खिशातली चिकटपट्टी काढून बाबांनी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, हे मी पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस रोज धुऊन पट्टी करू. गारपणा तिथेच थांबला तर ठीक, वर सरकायला लागला तर शेपूट काढावं लागेल.

म्हणून शाळा सुटली की मी धांदलला घेऊन दवाखान्यात. पैज हरल्यावरही मावशी माझ्यावर रागावल्या नव्हत्या, उलट शिकवायला लागल्या. त्यांच्या हिशेबात शेपटाचं दुखणं तीन जातींचं. एक दारात सापडलेलं. त्यात मध्येच गाठ किंवा कोन दिसतो, आणि त्या जागेच्या पुढचं शेपूट कुत्रा उचलत नाही. त्याला हात न लावता एक्स-रे काढायला पाठवायचं. दुसरं दमलेलं. गार पाण्यात फार पोहून, फार धावून आलेला कुत्रा शेपूट ओल्या दोरासारखं मुळापासून लोंबतं सोडतो. मालक रडकुंडीला येतात, पण विश्रांतीने ते आपोआप उभं राहतं. आणि तिसरं धांदलचं. त्याला मावशी 'आनंदाने फुटलेलं' म्हणायच्या आणि म्हणताना हसायच्या नाहीत.

"हे सगळ्यात वाईट," त्या सांगायच्या. "बाकीच्यांना दुखलं की ते हलवायचं थांबतात. याला दुखतं तेव्हाही आनंद होतोच."

मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. जखमेला चिकटणार नाही असं जाळीचं कापड, त्यावर सैल पट्टी, आणि पट्टीबरोबर वरचे थोडे केस धरायचे म्हणजे ती निसटत नाही. पट्टीखाली बोटाचं टोक सहज गेलं पाहिजे. बाहेरून पाण्याच्या पाइपावर चढवतात ती फोमची नळी, मध्ये चिरून, वारा जायला भोकं पाडून. गळ्यात प्लास्टिकचा तो मोठा शंकू, नाहीतर सगळं मेहनतीने बांधलेलं तो एका झटक्यात खाऊन टाकेल. हे सगळं त्या न बघता करायच्या. डोळे माझ्याकडे आणि बोटं शेपटाकडे. आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या, पण त्यांनी मला विचारलं, "तुमचं दार डाव्या हाताला उघडतं ना?" मी विचारलं, कसं कळलं. म्हणाल्या, जखम डाव्या अंगाला खोल आहे, माणसं आली की तो तिकडे जास्त जोरात आपटतो.

एका दुपारी ड्रेसिंगची खोली औषधाने धुऊन बंद ठेवली होती. मावशी म्हणाल्या, चल माझ्याकडे.

चष्मीला आणि लांबुडीला हे कळलं असतं तर त्या जागेवर बेशुद्ध पडल्या असत्या.

खोलीत एक खाट, एक खुर्ची, शेगडी, दांडीवर वाळत घातलेले दोन एप्रन. कुत्र्याचं भांडं नाही, साखळी नाही, एक केससुद्धा नाही. गाद्या मात्र मी पहिल्यांदाच जवळून पाहिल्या. तीन भिंतींवरचं कापड नव्यासारखं होतं. दाराच्या डाव्या अंगाला, तेवढ्याच एका जागी, ते झिजून कापूस बाहेर आला होता. त्यावर ठिगळ लावलेलं. ते ठिगळही झिजलेलं. त्यावर दुसरं, नव्या कापडाचं, अर्धवट शिवलेलं आणि सुई तशीच टोचून ठेवलेली.

धांदल उंबऱ्यावर थांबला. हा कुत्रा उंबऱ्यावर थांबत नाही, तो उंबरा ओलांडून, टेबल पाडून मग माणसं किती आहेत ते बघतो. इथे तो थांबला. शंकूतून नाक पुढे केलं, आपल्याच उंचीला, जिथे काही नव्हतं तिथे, आणि हुंगलं. मग बाजूला सरकला. जागा दिल्यासारखा. शेपूट हळूच एकदा इकडे, एकदा तिकडे. ओळख होताना कुत्रे करतात ना, तसं त्याने एक वळण घेतलं आणि माझ्या पायाशी येऊन पडला.

मी स्वतःला म्हटलं, औषधाचा वास असेल.

मावशींनी पातेल्यात पाणी तापत ठेवलं. मी फरशीवर बसले, तसं धांदलने डोकं माझ्या मांडीवर टाकलं. पंजावर पंजा ठेवून तो झोपला. फोमची नळी चढवलेलं शेपूट फरशीवर निपचित होतं, मी त्याच्यावर हात ठेवला होता.

आणि दाराजवळ वाजलं. धप. मऊ, जाड कापडावर मारल्यासारखं. धप, धप. मग जरा जोरात, आपण आलोय हे कुणालातरी कळल्यासारखं.

माझ्या हाताखालचं शेपूट हललं नव्हतं.

मावशी पातेल्याजवळून उठल्या, दाराकडे गेल्या, त्या ठिगळावर तळहात टेकवला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बस, बस. पाहुणे आहेत."

थांबलं.

पाणी कोमट झालं की नाही ते त्यांनी मनगटावर पाहिलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. मग त्यांनी सांगितलं.

त्या इथे कामाला लागल्या तेव्हा वयाने माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. मागेपुढे कुणी नव्हतं. कुणीतरी दवाखान्याच्या फाटकाला बांधून सोडून गेलेला एक काळा कुत्रा त्यांनी ठेवून घेतला. दिवसभर काम, मग खोलीवर. कुलपात किल्ली घातली की आत त्याचं शेपूट भिंतीवर वाजायला लागायचं. कधी कधी त्या मुद्दाम किल्ली घालून तशाच उभ्या राहायच्या, ऐकत.

"सगळ्या जगात मी आले म्हणून वाजणारं तेवढंच एक होतं," त्या म्हणाल्या.

मग ते शेपूट फुटलं. तेव्हाच्या डॉक्टरांनी कापू या म्हटलं. मावशी म्हणाल्या, मी बरं करते. त्यांच्या हाताला गुण होताच. पट्ट्या केल्या, भिंतींना गाद्या ठोकल्या. जखम भरायची, मावशी दार उघडायच्या, त्याला आनंद व्हायचा, पुन्हा फुटायची. दर वेळी थोडी वर. शेपूट वाचलं, वाचलं म्हणेपर्यंत विष पाठीत चढलं होतं.

"तो गेल्यावर गाद्या काढल्या. धुतल्या, उन्हात टाकल्या. कामावरून आले, किल्ली घातली, तर आत वाजत होतं." त्यांनी पट्टीची गाठ सोडवली. "नुसत्या भिंतीवर. त्याला लागत असेल ना गं. मी आधी गाद्या परत ठोकल्या, मग दिवा लावला."

मी विचारलं, भीती नाही वाटत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. म्हणाल्या, भीती दुसरीच वाटते. मी निवृत्त झाले की ही खोली सोडावी लागणार. नव्या माणसाला गाद्या नको असल्या तर?

मग त्यांनी शेवटचं कापड सोडवलं आणि बोलणं संपवलं. माझी दोन बोटं घेऊन शेपटाच्या मुळाशी ठेवली आणि हळूहळू खाली नेली. "कुठपासून गार लागतं, ते तू सांग."

मी डोळे मिटले. गरम, गरम, गरम. मग गार. इतकं अचानक, जणू तिथून पुढे दुसऱ्याच कुणाचं शेपूट जोडलं होतं. काल ही जागा दोन बोटं खाली होती. मी ते सांगितलं. आवाज जुन्या 'हजर'सारखाच निघाला, पण मावशींनी पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, दाबलं, म्हणाले, उद्या सकाळी काढू, त्याहून उशीर नको. पण घरच्यांचा होकार हवा.

होकार सोपा नव्हता, मला माहीत होतं. बाबांनी एक गोडाऊनवाले काका शोधले होते. त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. शहराबाहेर मोकळं आवार, कुठे आपटायला भिंतच नाही, त्यामुळे शेपूट आपोआप बरं होईल, असं बाबा रोज कुणीही न विचारता सांगत होते. आईला शेपूट कापायचं नावही नको होतं. ती म्हणायची, मग त्याला आनंद झालाय हे आपल्याला कळणार कसं?

घरी जायच्या आधी धांदलला घेऊन मी वाट वाकडी केली आणि गोडाऊनवाल्या काकांकडे गेले. आवार खरंच मोकळं होतं. मी विचारलं, पट्टी रोज कोण करेल? ते हसले, म्हणाले, पोरी, कुत्रा आहे तो.

घरी आले तर बाबांनी नवी साखळी आणली होती, लांब, आवारात पुरेल अशी. ती मांडीवर घेऊन ते एकेक कडी तपासत बसले होते. आई शेजारी बसून जुन्या चादरीची घडी करत होती, धांदलला बरोबर द्यायला. दोघंही माझ्याकडे बघेनात. धांदलने दोघांकडे पाहिलं आणि त्याला आनंद झाला. फोमची नळी खुर्चीच्या पायावर आपटायला लागली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मी पटकन ते शेपूट हातात धरलं, मुळाशी, जिथे अजून गरम होतं तिथे. ते माझ्या मुठीत हलत राहिलं. दप्तर पाठीवरच होतं.

"बाबा, पट्टी तुम्ही त्याला बरं वाटावं म्हणून बांधली होती, ते मला माहीत आहे आणि त्यालाही," मी म्हटलं. "आई, तू विचारतेस ना कसं कळेल, तर त्याचे कान बघ, कंबर बघ, मी दाखवीन तुला. गोडाऊनवाल्या काकांना मी नाही म्हणून सांगून आलेय. उद्या सकाळी शेपूट काढायचं. शाळा बुडेल, बुडू दे, त्याला टेबलावर मी धरणार आहे. तुम्ही दोघं आलात तर बरं, नाही आलात तरी मी त्याला घेऊन घरीच येणार."