अंगठ्याचा पिक्चर

प्रभुलिंगनं करंगळी मुडपली, तिच्या शेजारचं बोट मुडपलं आणि मधल्या बोटाशी येऊन तो अडखळला.

"घोड्याचा," शेवटी तो म्हणाला.

"घोडा करंगळीलाच झाला की रं!" त्याचा जुना दोस्त अण्णाप्पा खेकसला. "एकाच घोड्यावर किती बोटं बसवतोस?"

सगळे हसले. प्रभुलिंगही हसला. त्याची बायको रुद्राणी मात्र हसता हसता कप गोळा करायला उठली आणि उठताना तिनं अण्णाप्पाकडं एकवार पाहिलं. गेल्या काही महिन्यांत प्रभुलिंगचं असं वरचेवर व्हायला लागलं होतं. सकाळचं संध्याकाळी पुसलं जायचं आणि तरुणपणीचं लख्ख आठवायचं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या प्रभुलिंगच्या माडीवर दर दिवाळी पाडव्याला हा खेळ चाले. पाच आवडते पिक्चर, एका हाताच्या पाच बोटांवर. नावं घ्यायची नाहीत. घोड्याचा, महापुराचा, आंधळ्या वकिलाचा, असंच म्हणायचं. करंगळीपासून सुरुवात, आणि सगळ्यांत लाडका तो अंगठ्याला. समोरच्यानं खोडून काढला की बोट उघडायचं. रुद्राणीचं वकिलाचं बोट उघडायला दोघांनी आजवर जंगजंग पछाडलं, पण ती बाई हटायची नाही. "मारामारी नसली की तुमास्नी पिक्चरच वाटत न्हाई," असं तोंडावर सुनवायची.

अंगठ्यावर मात्र कधी वाद झाला नाही. प्रभुलिंगचा आणि अण्णाप्पाचा अंगठा एकच, दोन भावांचा पिक्चर. वाटणीवरून भांडून धाकटा घर सोडतो. शेवटी परत येतो, तेव्हा थोरला एक शब्द न बोलता भाकरी मोडतो आणि अर्धी त्याच्यापुढं धरतो.

आता गंमत अशी, की अण्णाप्पानं तो शेवट टॉकीजात पाहिलाच नव्हता. कुठल्याच पिक्चरचा पाहिला नव्हता. हुपरीहून पैंजणांचा माल पोचवायला तो कोल्हापुरात यायचा, तीनचा शो गाठायचा आणि पाचच्या यष्टीसाठी ऐन रंगात उठायचा. घरी आई जेवायची थांबलेली असायची. दिवस मावळला की ती जैन माउली अन्नाला शिवायची नाही, त्यामुळं पोराला उशीर म्हणजे आईला उपास. मग पुढच्या खेपेला प्रभुलिंग आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याला राहिलेला शेवट सांगायचा, हातवारे करून, तोंडानं ढोल वाजवून.

दोन भावांचा शेवट त्यानं सांगितला, त्या वर्षी अण्णाप्पाचा धाकटा भाऊ सम्मेद घरात भांडून निपाणीला निघून गेला होता. पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही, अशी शपथ अण्णाप्पानं घेतली होती. पण तो भाकरीचा शेवट ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी गडी निपाणीला गेला, भावाला घेऊनच परतला. पुढं जन्मभर दोघं मांडीला मांडी लावून चांदीच्या कामाला बसले. सम्मेद गेल्या श्रावणात वारला.

मधे केव्हातरी एका दुपारी कारखान्यातल्या टीव्हीवर तो पिक्चर लागला होता. भाकरी त्यात कुठंच नव्हती. धाकटा धावत घरात येतो, तर थोरल्याच्या बाजेवर नुसतं घडी घातलेलं घोंगडं, थोरला केव्हाच वारलेला. संपला पिक्चर! अण्णाप्पा हातातलं पैंजण तसंच धरून बसला. परभ्यानं शेवट पदरचा सांगितला होता, आणि का सांगितला होता हे कळून त्याचे डोळे भरून आले. हे त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. आणि आता तर खुद्द प्रभुलिंगचाच त्या भाकरीवर विश्वास बसला होता.

"अज्जा, सापडला!" पुण्याहून सुट्टीला आलेली प्रभुलिंगची नात भूमिका मोबाईल नाचवत आली. "तुमचा दोन भावांचा! थांबा, टीव्हीला जोडते."

अण्णाप्पानं घाईघाईनं हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे की. जुना पिक्चर, कंटाळशील."

त्याचं कोण ऐकतंय? प्रभुलिंग तर ताठ होऊन बसला होता. "भूमे, शेवटाला रडली न्हाईस, तर प्रभुलिंग नाव लावणार न्हाई!"

पिक्चर सरकत गेला तसा प्रभुलिंग तरणा होत गेला. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य हा म्हणत होता. भूमिका टाळ्या पिटत होती, रुद्राणी पदरानं डोळे टिपत होती. अण्णाप्पाचं लक्ष टीव्हीकडं नव्हतंच. तो मित्राचं तोंड बघत होता. सगळं निसटत चाललेल्या माणसाच्या मुठीत एवढी एकच गोष्ट पक्की होती. तीही चुकीची निघाली, तीही नातीसमोर, तर हा उद्या कशावर विश्वास ठेवणार?

पडद्यावर धाकट्यानं गावाचा पूल ओलांडला. अण्णाप्पा उठला.

"चल परभ्या, यष्टी जाईल माझी."

"आत्ता?"

"पाचची. दिवस मावळायच्या आत जेवाय पायजे."

"आजोबा, मी सोडते की गाडीनं," भूमिका म्हणाली. "दहाच मिनिटं राहिलीत!"

"हितंच जेवा की भावजी. मावळायच्या आत वाढते," रुद्राणी म्हणाली.

"न्हाई वैनी. आजवर कंच्या पिक्चरचा शेवट बघितलाय मी, आज बघू? परभ्याला पाठ हाय, त्यो सांगंल. जिन्यावर जरा आधार पायजे, गुडघा धरलाय."

रुद्राणी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं नवऱ्याच्या चपला त्याच्या पायाशी सरकवल्या आणि टीव्हीचा आवाज बारीक केला.

"जावा अवो. सोडून या त्यास्नी."

"तुझी यष्टी म्हंजे जन्माची पीडा हाय बघ," प्रभुलिंग कुरकुरला, पण उठला.

खाली पोरांनी मातीचा किल्ला केला होता. त्याला वळसा घालून दोघं बंद दुकानाच्या पायरीवर टेकले.

"म्होरं काय झालं रं?" अण्णाप्पानं विचारलं.

प्रभुलिंगचा चेहरा उजळला.

"धाकटा दारात हुबा. आत यायचं धाडस हुईना. थोरला चुलीम्होरं बसलाय. बोलत न्हाई. नुस्ता बघतोय. आन् मग..." त्यानं दोन्ही हातांत नसलेली भाकरी धरली, सावकाश मोडली आणि अर्धी अण्णाप्पापुढं केली.

अण्णाप्पानं ती दोन्ही हातांनी घेतली.

मग प्रभुलिंग जवळ सरकून हळूच म्हणाला, "आन् तुझा सम्मेद? तू जाणार हुतास न्हवं निपाणीला? आला का रं त्यो?"

अण्णाप्पानं हातातली ती भाकरी जपून मांडीवर ठेवली.

"आला की," तो म्हणाला. "घरी बसलाय. मी गेल्याबिगर जेवायचा न्हाई."

"मग हितं काय करतोस लेका!" प्रभुलिंग त्याला ढोसत ओरडला. "दिवस मावळाय लागलाय. पळ!"