क्लाइव्ह लार्टरचा समुद्र

वेन नदीवरच्या विंटरहॅम बोट क्लबात समुद्राचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना खिडकीशेजारच्या खुर्चीकडे वळत. त्या खुर्चीत क्लाइव्ह लार्टर बसायचा. तो लगेच बोलायचा नाही. ग्लास खाली ठेवायचा, बाहेरच्या बदकांकडे बघायचा आणि म्हणायचा, "समुद्र वेगळा असतो." मग मंडळी आदराने आपापले ग्लास खाली ठेवायची.

क्लाइव्ह जन्मात कधी समुद्रावर गेलेला नव्हता.

झालं होतं असं, की एकतीस वर्षांपूर्वी पन्हळ साफ करताना तो शिडीवरून पडला आणि डोळा काळानिळा झाला. क्लबाचा अध्यक्ष नॉर्मन कॅचपोल याने विचारलं, "काय झालं रे डोळ्याला?" आता, त्याच आठवड्यात क्लाइव्हने नॉर्मनला शिडी कशी लावावी यावर अर्धा तास उपदेश केला होता. त्यामुळे शिडीचं नाव काढायची सोय नव्हती. "उत्तर समुद्र," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही माहीत नाही. नॉर्मनने मान डोलावली आणि विषय संपला. विंटरहॅममध्ये एकदा विचारणं ही आस्था. दोनदा विचारणं हा पोलिसी खाक्या.

पुढचं सगळं क्लबानेच केलं. क्लाइव्ह फक्त सुस्कारे टाकत गेला आणि लोक त्यात मजकूर भरत गेले. वादळात बुडणाऱ्या दोन डॅनिश खलाशांना त्याने वाचवलं, ही बातमी तर खुद्द क्लाइव्हला तीन वर्षांनी समजली.

हे सगळं टिकून होतं ते पुलामुळे. क्लबाच्या खालच्या अंगाला सहाशे वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी बांधलेला दगडी पूल आहे. ते साधू एक तर बुटके असावेत, नाहीतर त्यांना बोटींचा राग असावा. पुलाखालून जाते ती बोट बिस्किटांच्या डब्यासारखी बसकी, सपाट बुडाची. समुद्रात नेली तर परातीतल्या लिंबासारखी गडगडेल. समुद्रात टिकते ती उंच, टोकदार बुडाची. ती पुलाला टाळकं आपटते. नदीची समुद्रात जात नाही, समुद्राची नदीत येत नाही, आणि या व्यवस्थेच्या सावलीत क्लाइव्हची इज्जत सुखाने नांदत होती.

मग क्लबात ग्लेंडा गूच आली.

ग्लेंडाबाईंनी बत्तीस वर्षं गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. निम्म्या नॉरफोक परगण्याला त्यांनी नापास केलं होतं, नॉर्मनला चार वेळा. बाई दारातून आत आल्या तेव्हा नॉर्मन पाठ ताठ करून बसला आणि त्याचा हात आपोआप डोक्यावरचा, तिथं नसलेला आरसा नीट करायला गेला.

बाई थेट खिडकीशी आल्या. हातात फळी, फळीला कागद, कागदाला पेन्सिल.

"मिस्टर लार्टर, मला नदीतही चालेल आणि समुद्रातही चालेल अशी क्रूझर बोट घ्यायचीय. बहीण हॉलंडला असते, कालव्याच्या काठी. माझ्या परसातून निघायचं, तिच्या दारात बोट लावायची आणि म्हणायचं, चहा टाक."

"विमानं असतात की," क्लाइव्ह म्हणाला.

"विमानाने गेलं की ती गाडी घेऊन न्यायला येते. तासभर तिचं ड्रायव्हिंग बघावं लागतं. तुम्ही समुद्रावरचे जाणकार म्हणे?"

क्लाइव्हने ग्लास खाली ठेवला. बदकांकडे पाहिलं. "समुद्र वेगळा असतो."

"कसा?"

एकतीस वर्षांत 'कसा' असं कोणी विचारलं नव्हतं.

"खारा," क्लाइव्ह म्हणाला.

बाईंनी ते लिहून घेतलं.

"त्याला कमी लेखू नका हं बाई," नॉर्मन मध्ये पडला. "बोलत नाही, पण आत साठलंय. बोट तोच निवडून देईल आणि समुद्रावर चाचणीला पण तोच घेऊन जाईल. काय क्लाइव्ह? लेका, सांग ना हो म्हणून!"

सांगावं लागलं.

त्या दिवसापासून क्लाइव्हपुढे एकच काम उरलं: बोट मिळू द्यायची नाही. बोट मिळाली की चाचणी, चाचणी म्हणजे समुद्र, आणि समुद्र म्हणजे खिडकीशेजारची खुर्ची गेली. तो होता गालिचे बसवणारा कारागीर, आता निवृत्त. गुडघ्यांवर रांगत वीतभर जागेतली खोट हुडकायची हे त्याचं आयुष्यभराचं काम. ती विद्या आता त्याने बोटींवर चालवली.

पहिली बोट फार सपाट होती. लाटा तिला खालून थपडा मारतील. दुसरीचं बूड फार टोकदार; नदीत सावकाश चालवली तर तिचं नाक प्यायलेल्या शेळीसारखं डावी-उजवीकडे भरकटेल. तिसरीला एकच इंजिन, ते बंद पडलं तर? चौथीला दोन इंजिनं, पण डिझेलची टाकी एकच, म्हणजे दोघं जोडीने मरणार. पाचवी पेट्रोलवर चालायची. एक ठिणगी, की हॉलंडला पोचेल ती फक्त टोपी. सहावीत त्याला काहीच सापडेना.

"पडदे," तो शेवटी म्हणाला.

"पडद्यांचं काय?" बाईंनी विचारलं.

"समुद्रावर हलतात. बघून मळमळतं."

सातवीचं दार आत उघडत होतं, आठवीची शिडी त्याला आवडली नाही (शिड्यांबद्दल तो मनापासून बोलला), आणि नववीबद्दल तो एवढंच म्हणाला, "हिचा स्वभाव बरा नाही." बोट विकणारा दलाल तिथंच धक्क्यावर बसला आणि रडायला लागला.

बाई प्रत्येक वेळी फळीवर लिहून घेत आणि "आभारी आहे" म्हणत. क्लाइव्हला वाटलं, नऊ झाल्या, आता बाई कंटाळून विमानाचं तिकीट काढतील. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मिस्टर लार्टर, तुमची बोट सापडली."

"माझी?"

"वर्णन तुम्हीच केलंत की. नऊ वेळा. बूड ना सपाट ना टोकदार, नदीत सरळ चालावी म्हणून खाली लांब कणा. दोन डिझेल इंजिनं, दोन टाक्या. पडदे नाहीत. शिडी बघा, तुम्हाला आवडेल. किनाऱ्यावरच्या सगळ्या दलालांना यादी धाडली होती. एकाकडे निघाली."

पुलाच्या खालच्या, समुद्राकडच्या धक्क्यावर बोट उभी होती; बाई, दलाल आणि बघायला आलेला नॉर्मन तिच्याशेजारी. क्लाइव्ह तिच्यात दोन तास रांगला. शिडी तर इतकी चांगली होती की त्याला भरून आलं. खोट मात्र एकही नाही. मग त्याने टेप काढली, डोलकाठी आडवी पाडली, पुढची काच मुडपली आणि पाण्यापासून टपापर्यंत माप घेतलं. दोन मीटर दहा. पूर्ण ओहोटीला पुलाखाली जागा दोन मीटर तीन. आनंदाच्या भरात त्याने ते पुन्हा एकदा मोजलं.

"सात सेंटिमीटर जास्त आहे हो," तो शक्य तितक्या दुःखाने म्हणाला. "तुमच्या परसापर्यंत यायची नाही. हातातोंडाशी आलेली बोट."

"सात?" नॉर्मन म्हणाला. "हात्तिच्या! माणसं बसवू की!"

क्लाइव्ह हे साफ विसरला होता. वेन नदीवरची ही जुनी रीतच आहे. बोट जरा उंच वाटली की शेजारपाजारचे तिच्यात बसतात, बोट दबते, पुलाखालून सुटते.

"किती लागतील?" बाईंनी विचारलं.

दलालाने हिशेब केला. दोनशे किलोला एक सेंटिमीटर. नॉर्मनने क्लबाच्या सभासदांची मनातल्या मनात एक फेरी मारली आणि अभिमानाने म्हणाला, "चौदाशे किलो? पंधरा जणांत काम होईल. सोळावा घेऊ, शकुनाला."

क्लाइव्हने पुलाकडे पाहिलं, आणि बघता बघता त्याला कल्पना सुचली. बोट एकदा पुलाच्या अलीकडे, क्लबाच्या बाजूला आली की आली! पुन्हा बाहेर काढायची तर नेमक्या ओहोटीला सोळा माणसं जमवावी लागणार, आणि विंटरहॅममध्ये सोळा माणसं फक्त अंत्ययात्रेला जमतात. पूल ओलांडणं म्हणजे बोटीला जन्मठेप.

"मी स्वतः सगळ्यांना बोलावतो," तो म्हणाला. "सॉसेज रोल माझ्याकडून."

रविवारी ओहोटीला सोळा जण चढले. निम्मे आत मांडीवर मांडी ठेवून बसले, निम्मे बाहेर, टपापेक्षा उंच होऊ नये म्हणून, आडवे पडले. बाई सुकाणूच्या चाकाशी. बोट दबली. पुलाचे दगड डोक्यावरून इतके जवळून गेले की नॉर्मनला साधूंच्या छिन्नीचे वण दिसले. आणि सुटली! सगळ्यांनी आडव्यानेच टाळ्या वाजवल्या. क्लाइव्हचे डोळे ओलावले. सुटलो, असं तो स्वतःशीच म्हणाला.

"छान," बाई म्हणाल्या. "आता मागे."

"मागे म्हणजे?"

"गाडी जागेत घातली म्हणून कोणी पास होत नाही, मिस्टर लार्टर. बाहेरही काढावी लागते."

सॉसेज रोल अजून संपलेले नव्हते, त्यामुळे उठायला कोणीच तयार नव्हतं. बोट वळली आणि सोळा जणांसकट पुलाखालून परत बाहेर आली. खालच्या धक्क्यावर एकेक जण उतरला, तशी ती श्वास घेतल्यासारखी वर वर येत गेली. क्लाइव्ह रांगेत शेवटचा. त्याचा एक पाय धक्क्यावर पोचलाही होता.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या.

"जा बाबा, दाखव त्यांना!" नॉर्मनने धक्क्यावरून बोट प्रेमाने ढकलली.

समुद्र त्या दिवशी ताटात वाढलेल्या सुपासारखा होता. बंदराच्या तोंडाशी एकच लाट आली, तीही दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीची. क्लाइव्हने कठडा धरला आणि वाकला. चुकीच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर.

बाईंनी त्याला रुमाल दिला आणि फळीवर एक खूण केली.

"मी कधीच आलो नव्हतो इथं," क्लाइव्ह रुमालातून म्हणाला. "शिडीवरून पडलो होतो. डॅनिश वगैरे कोणी नाहीत."

"माहीत आहे. समुद्रावर गेलेल्या माणसाला नऊतली एखादी तरी बोट आवडली असती."

"मग मला कशाला आणलंत?"

"हॉलंडला जाताना दुसरं माणूस लागतंच. प्रत्येक बोटीत आपण कसे मरू हे आधी बघणारा माणूस मला चालेल. खलाशी वाचवणारे नकोत. ते बुडवतात." त्यांनी कागद फाडून त्याच्या हातात दिला. "बोट पास. तुम्ही नापास. दहा कामकाजाचे दिवस गेल्यावर पुन्हा परीक्षा, तेव्हा थेट हॉलंड."

"क्लबात सांगणार?"

"निकाल फक्त परीक्षार्थीलाच सांगतात."

परतीच्या वाटेवर क्लाइव्हने आयुष्यातला सगळ्यात सरळ हिशेब केला. इज्जत राखली तर दहा दिवसांनी क्लबच त्याला हॉलंडकडे ढकलणार. इज्जत गेली तर सुटका. ज्या खुर्चीसाठी नऊ बोटींत रांगला, ती खुर्ची आता त्याला फुकट द्यायची होती.

क्लबात सगळे वाटच बघत होते. क्लाइव्ह बसला नाही. उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "ऐका. मी आज पहिल्यांदा समुद्रावर गेलो. याआधी कधी नाही. आणि बंदराच्या तोंडाशीच ओकलो."

कोणीतरी दुसऱ्यांदा विचारेल म्हणून क्लाइव्ह थांबला. कोणी विचारलं नाही.

नॉर्मन उठला. "बघा रे, याला म्हणतात माणूस! ओकारी झाली बाईंना, आणि हा आपल्या अंगावर घेतोय."

"मी ओकलो, नॉर्मन! मी!"

"हो बाबा, हो. तूच," नॉर्मन म्हणाला आणि सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले.

साऱ्या क्लबाने ग्लेंडाबाईंकडे अपार सहानुभूतीने पाहिलं. कोणीतरी त्यांच्यापुढे आल्याच्या बिस्किटांचा पुडा ठेवला. मळमळीवर चांगली असतात. बाईंनी एक बिस्किट घेतलं आणि खाता खाता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने दिवस मोजले.

"पुढच्या सोमवारी बँक हॉलिडे आहे, मिस्टर लार्टर," त्या म्हणाल्या. "तो कामकाजात धरत नाहीत. तुम्हाला एक दिवस जास्त मिळतोय."

क्लाइव्हने हात पुढे केला आणि उरलेला पुडा उचलून खिशात घातला.