आहेर आणू नये

मारोतरावांच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचं निमंत्रण छापील होतं. खाली बारीक अक्षरांत 'आहेर आणू नये' असंही होतं. ते वाचून सुभद्रेला हायसं वाटलं. या मुलासाठी आईने शिवलेली खणाची कुंची तिच्या ट्रंकेत होती. शेवटचा मोती लावल्यावर आठ दिवसांनी आई गेली. त्याला आता अडीच महिने झाले होते. ती कुंची आपल्यापाशी राहावी, एवढंच सुभद्रेला हवं होतं.

"तसं छापा लागते," तिचे वडील रुपराव म्हणाले. "ते मनावर घ्याचं नसते. अन तुह्या मायनं शब्द देला होता. मारोतराव आमचे हेडक्लार्क हायेत. त्यांच्या घरी रिकाम्या हातानं जाशील काय?"

तिने कुंची कागदात बांधली.

मारोतरावांच्या धंतोलीतल्या घराच्या दारातच मुलाच्या आईने, प्रेमिलाबाईंनी, तिला बाजूला घेतलं.

"आणलीत ना? बरं झालं. कुंची येणार म्हणून सासूबाईंना मी केव्हाचं सांगून ठेवलंय. पण त्या कालच काटोलहून आल्यात, तुमच्याकडचं त्यांना ठाऊक नाही. गेलेल्या माणसाच्या हातचं त्या लेकराच्या अंगाला लागू द्यायच्या नाहीत. तुम्हीच शिवली म्हणा. एवढ्यापुरतं."

सुभद्रा काही बोलणार तोवर पुडकं तिच्या हातातून गेलंही.

आत सासूबाई, जिजाबाई, नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी चांदीच्या वाट्या, खुळखुळे, झबली यांचा ढीग झाला होता. निमंत्रणातली शेवटची ओळ कोणीच वाचली नव्हती. कुंची नातवाच्या डोक्यावर चढली. जिजाबाईंनी पाठीवरच्या चुण्या बोटांनी चाचपल्या.

"कोनं शिवली वं?"

साऱ्या जणी सुभद्रेकडे पाहू लागल्या.

"मी."

"चुन्या पाह्य कशा एकसारख्या! कोनाजवळ शिकली वं पोरी?"

"आईजवळ."

"मंग माय काहून नाही आली?"

सुभद्रेने प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. त्या घडी केलेलं झबलं उलगडून पुन्हा घडी करत होत्या. खरं सांगितलं तर कुंची इथेच, सगळ्यांदेखत, उतरवली जाईल. आणि दिलेली वस्तू परत मागता यायची नाही.

"तिला बरं नाही," ती म्हणाली.

"अवं, मंग तिले टाकून आली काय लाडू खाले?"

बायका हसल्या. जिजाबाई मात्र गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आतून चार लाडू कागदात बांधून घेऊन आल्या.

"मायले दे. डिंकाचे हायेत, ताकद येते. बरी झाली का घेऊन येजो तिले. मले भेटाचं हाय."

"हो," सुभद्रा म्हणाली.

घरी रुपराव ओसरीवरच उभे होते.

"घातली काय पोराले?"

"घातली."

"काय म्हनल्या?"

"चुण्या एकसारख्या आहेत म्हणाल्या."

"मायचं नाव निंघालं काय?"

"निघालं. तिच्यासाठी लाडू दिलेत."

रुपरावांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि आत जाऊन बायकोच्या फोटोसमोर ठेवली. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत ते बाहेर आले.

"मोठ्या मनाची मानसं. उद्या हापिसात मारोतरावाले सांगतो, का आमच्या सुभद्रेच्या मायची आठवन ठेवली तुम्ही."

"नको, बाबा. त्यांना काही बोलू नका."

"काहून वं?" रुपराव म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.